व्हीएमची डिस्क वाढवायला बसण्याआधी

व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन, तुमच्या खऱ्या कॉम्प्युटरच्या (होस्टच्या) आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा कॉम्प्युटर; त्याची डिस्क भरली की ती वाढवावी लागते, त्याआधीची ही तयारी. सगळ्यात आधी दिवस ठरवा. आंब्याच्या पेट्या वाशीला रवाना होत असतात त्या एप्रिल-मे महिन्यांत बिलिंगच्या मशीनला हात लावू नका, आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात होमस्टेच्या बुकिंगच्या मशीनलाही नको. दिवाळीनंतरची निवांत सकाळ उत्तम. पण डिस्क भर पावसात भरली तर थांबूनही चालत नाही. अशा वेळी यूपीएस किती वेळ टिकतो ते आदल्या दिवशी, सगळ्या व्हीएम बंद करून, भिंतीवरचं बटण बंद करून घड्याळ लावून बघा. घरचा इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर आहे का तेही तपासा. साध्या मोडवर वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होण्याच्या क्षणात डेस्कटॉप रीस्टार्ट होऊ शकतो. वादळाचा इशारा असेल तर काम सरळ पुढे ढकला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-दापोलीच्या पट्ट्यात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, आणि अर्धवट सोडलेलं पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) तितके दिवस तसंच राहणं परवडत नाही. लॅपटॉपवर व्हीएम चालवत असाल तर चार्जिंग पूर्ण हवं, आपोआप स्लीप होण्याची सेटिंग बंद हवी, आणि होस्टचे अपडेट त्या दिवसापुरते थांबवलेले हवेत.

लागणारं सगळं आधीच उतरवून ठेवा. जीपार्टेड लाइव्ह, म्हणजे वेगळं बूट करून पार्टिशन बदलायचं साधन, त्याची आयएसओ फाइल काही शे एमबींची आहे. गावातल्या नेटवर तीच मोठी होऊन बसते, आणि ऐन वेळी टॉवर बंद असला तर संपलंच. लिनक्स व्हीएम असेल तर ‘ग्रोपार्ट’ ही पार्टिशन वाढवणारी कमांड आत आहे का ते मशीन धडधाकट असताना बघा. डेबियन-उबुंटूवर ती ‘क्लाउड-गेस्ट-युटिल्स’ या पॅकेजात येते.

मग खरंच डिस्कच वाढवायला हवी का, हे विचारा. लिनक्समध्ये ‘डीएफ’ (डिस्कवर एकूण किती वापरलं) आणि ‘डीयू’ (फाइलींची बेरीज) यांचे आकडे जुळत नसतील तर एखादी पुसलेली लॉग फाइल कुठल्या तरी प्रोग्रामने अजून उघडी धरून ठेवलेली असते; तो प्रोग्राम रीस्टार्ट केला की जागा परत मिळते. जागा दिसते पण फाइल बनत नाही, असं असेल तर आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद) संपलेत का ते पाहा. विंडोजमध्ये अपडेटचा साठलेला पसारा डिस्क क्लीनअपने काढा. एवढं करूनही जागा पुरत नसेल तरच पुढे या.

आता कागद घ्या. या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त महत्त्वाची वाटते ती ही नोंद. व्हीएमची डिस्क म्हणजे एकावर एक थर आहेत: होस्टवरची मोकळी जागा, त्या जागेतली डिस्कची फाइल, फाइलच्या आत पार्टिशन टेबल, त्यात पार्टिशन, कधी त्यावर एलव्हीएम (लिनक्सची जागा वाटून देणारी सोय), आणि सगळ्यात आत फाइल सिस्टीम (फाइली मांडून ठेवणारी रचना). एक थर वाढवला म्हणून पुढचा आपोआप वाढत नाही. बाजूचा तुकडा विकत घेतला, सातबाऱ्यावर नावही लागलं, तरी जुना गडगा हलवला नाही तोवर कलमं जुन्याच हद्दीत राहतात, तसंच हे. ‘डिस्क वाढवली पण आत काही दिसत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा असा एखादा राहून गेलेला गडगाच असतो. म्हणून प्रत्येक थराचं आजचं माप लिहा. लिनक्समध्ये डिस्क-पार्टिशनची यादी देणाऱ्या ‘एलएसबीएलके’ कमांडचं आउटपुट, विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंटचा स्क्रीन, दोन्हींचा मोबाइलवर फोटो काढा. पार्टिशन टेबल जुन्या एमबीआर पद्धतीचं आहे की नव्या जीपीटी, तेही लिहा. एमबीआर असेल तर चारच प्रायमरी पार्टिशन चालतात आणि २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही, त्यामुळे त्यापुढे जायचा विचार असेल तर बेत इथेच बदलावा लागतो.

त्याच कागदावर होस्टचा हिशोब मांडा. डिस्कची फाइल डायनॅमिक असेल, म्हणजे लागेल तशी फुगणारी, तर आत १०० जीबी दिसत असताना होस्टवर ती ३० जीबीच असू शकते. ती उद्या १०० जीबी झाली तर होस्टवर मावेल का? होस्टची डिस्क भरली की व्हीएम मधेच अडकते, आणि मग दुरुस्ती दोन मशीनची.

स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या त्या क्षणाची राखून ठेवलेली अवस्था, आहेत का ते पाहा. इथे थोडं थांबून वाचा, कारण डिस्क न वाढण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे आणि बिघडण्याचंही. स्नॅपशॉट घेतला की मूळ फाइल गोठते आणि पुढचे सगळे बदल वेगळ्या फाइलीत जातात. व्हीएम चालवणारे प्रोग्राम इथे वेगवेगळे वागतात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तुम्ही मूळ फाइल वाढवली तरी सध्या चालू असलेली वरची फाइल जुन्याच मापाची राहू शकते, आणि व्हीएमला माप दिसतं ते वरच्या फाइलीचं. व्हीएमवेअर वर्कस्टेशन स्नॅपशॉट असताना ‘एक्स्पांड’चं बटणच दाबू देत नाही, ते एका परीने बरं. क्यूईएमयूच्या जुन्या आवृत्त्या फाइलीच्या आतले स्नॅपशॉट असतील तर माप बदलायला नकार देतात. हायपर-व्हीमध्ये चेकपॉइंट (तिथलं स्नॅपशॉटचं नाव) असताना मूळ फाइलीचं माप बदललं तर साखळी तुटून डेटा जाऊ शकतो. तेव्हा सगळे स्नॅपशॉट त्या त्या प्रोग्रामच्या मेनूतून डिलीट करा. तिथे डिलीट म्हणजे बदल मूळ फाइलीत मिसळणं; फोल्डरमध्ये जाऊन फाइली हाताने पुसायच्या नाहीत. मिसळायला वेळ लागतो आणि होस्टवर जादा जागाही लागते. हे काम आदल्या दिवशी उरकून ठेवलेलं चांगलं.

बॅकअप म्हणजे स्नॅपशॉट नव्हे, हे इथे स्पष्टच सांगतो. व्हीएम पूर्ण बंद करा, सेव्ह स्टेटमध्ये (चालू अवस्था साठवून थांबवलेली) ठेवू नका, आणि डिस्कची फाइल सेटिंगच्या फाइलीसकट बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. ती हार्ड डिस्क फॅट३२ची असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल तिच्यावर बसत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस हवी. कॉपी झाली की नेटवर्क तोडून ती प्रत एकदा सुरू करून बघा, नाहीतर एकाच आयपीची दोन मशीन एकमेकांशी भांडतील. सुरू करून न पाहिलेल्या प्रतीला मी बॅकअप मानत नाही. आणि ती दुसऱ्या जागी ठेवा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं होतं. तळमजल्यावरच्या कॉम्प्युटरशेजारी ठेवलेली बॅकअपची डिस्क अशा वेळी कॉम्प्युटरबरोबरच जाते.

बाहेरची फाइल वाढवण्याची कमांड आधी कागदावर लिहा, कारण मापं इथे फसवतात. व्हर्च्युअलबॉक्सच्या कमांडला नवं एकूण माप एमबीमध्ये द्यायचं असतं, किती वाढवायचं ते नव्हे; नव्या आवृत्त्यांत मीडिया मॅनेजरमधल्या स्लायडरनेही ते होतं. ‘क्यूईएमयू-आयएमजी’ला अधिकचं चिन्ह लावून २० जीबी सांगितलं तर २० जीबी वाढतात, चिन्ह राहिलं तर तो आकडा एकूण माप धरला जातो. सध्याचं माप त्याहून मोठं असेल तर कमांड स्पष्ट परवानगीचा पर्याय दिल्याशिवाय डिस्क लहान करत नाही. तो पर्याय एरर घालवण्यासाठी म्हणून कधीही टाइप करू नका.

आता आतलं. लिनक्समध्ये क्रम बाहेरून आत जातो: पार्टिशन, मग एलव्हीएम असेल तर पीव्ही आणि एलव्ही (त्याचे आतले थर), शेवटी फाइल सिस्टीम. डिस्क जीपीटीची असेल तर पार्टिशन टेबलची एक प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. डिस्क वाढली की ती प्रत मधेच राहते, म्हणून ‘पार्टेड’ दुरुस्त करू का असं विचारतं. घाबरू नका, ‘फिक्स’ म्हणा. ‘ग्रोपार्ट’ला डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा नंबर यांच्या मधे जागा सोडून द्यायचं असतं, दोन्ही जोडून लिहिले की एरर येते. डिस्क शंभर टक्के भरलेली असेल तर ‘ग्रोपार्ट’ला स्वतःची तात्पुरती फाइल ठेवायलाही जागा मिळत नाही, म्हणून आधी थोड्या जुन्या लॉग फाइली काढा. फाइल सिस्टीम एक्स्ट४ असेल तर ‘रिसाइझ२एफएस’, आणि ते चालू मशीनवरही होतं. एक्सएफएस असेल तर कमांड वेगळी, आणि तिला डिव्हाइसऐवजी माउंट केलेल्या फोल्डरचा पत्ता द्यायचा. एलव्हीएम असेल तर ‘एलव्हीएक्सटेंड’ला ‘-आर’ जोडला की फाइल सिस्टीमही सोबत वाढते.

उबुंटू सर्व्हर वापरणाऱ्यांनी काहीही वाढवण्याआधी ‘व्हीजीएस’ ही एलव्हीएममधली मोकळी जागा दाखवणारी कमांड चालवावी. त्याचा इन्स्टॉलर एलव्हीएम निवडल्यावर मोठ्या डिस्कची सगळी जागा रूटला (सिस्टीमच्या मुख्य भागाला) देत नाही, बरीचशी मोकळी सोडतो. कित्येकदा हवी असलेली जागा तिथेच पडून असते आणि फक्त ‘एलव्हीएक्सटेंड’ने काम भागतं.

खरी डोकेदुखी मधल्या पार्टिशनची. जुन्या पद्धतीने इन्स्टॉल केलेल्या डेबियन-उबुंटूत रूट पहिलं, आणि त्याच्या मागे एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची जागा). नवी मोकळी जागा स्वॅपच्याही पलीकडे येते आणि रूटला तिथवर पोहोचता येत नाही. अशा वेळी स्वॅप उजवीकडे सरकवायच्या फंदात पडू नका, त्यात जपण्यासारखं काही नसतं. ‘स्वॅपऑफ’ करा, ते पार्टिशन आणि त्याचं एक्स्टेंडेड कवच पुसा, रूट वाढवा, आणि नंतर स्वॅप फाइल बनवा. पण त्याच बैठकीत ‘एफएसटॅब’मधली (सुरू होताना काय काय जोडायचं त्या यादीतली) जुन्या स्वॅपची ओळ काढा किंवा बदला. ती राहिली तर मशीन सुरू होताना नसलेल्या यूयूआयडीची (पार्टिशनच्या ओळखक्रमांकाची) वाट बघत दीड मिनिट अडून बसतं, आणि माणसाला वाटतं सगळं बिघडलं. डेबियन-उबुंटूमध्ये ‘रिझ्यूम’च्या (हायबरनेटमधून परत येण्याच्या) सेटिंगमध्येही तोच जुना यूयूआयडी असू शकतो, तो बदलून ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ चालवा.

विंडोजमध्ये मधे बसलेलं असतं ते रिकव्हरी पार्टिशन. सी ड्राइव्हवर राइट क्लिक केलं की ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ पुसट दिसतं, कारण मोकळी जागा सीला लागून नाही. जीपार्टेड लाइव्हमधून रिकव्हरी पार्टिशन शेवटाला सरकवता येतं. ते लहान असल्यामुळे यात वेळ कमी जातो आणि ही सरकवासरकव मला मान्य आहे. ते पुसून नव्याने बनवायचं असेल तर आधी ‘रिएजंटसी’ कमांडने रिकव्हरी बंद करा, म्हणजे तिची फाइल सी ड्राइव्हवर परत येते, नंतर शेवटी नवं पार्टिशन करून तिला रिकव्हरीचा प्रकार द्या आणि पुन्हा सुरू करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर काहीही करण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. जीपार्टेडने बूट करायच्या आधी शिफ्ट धरून शटडाऊन करा. फास्ट स्टार्टअपमुळे एरवी विंडोज अर्धवटच बंद होतं आणि एनटीएफएसला हात लावणं धोक्याचं ठरतं.

लहान करायचा विषय असेल तर क्रम उलटा, आतून बाहेर, आणि माझा सल्ला सरळ नकाराचा. एक्सएफएस व्यवहारात लहान करताच येत नाही, एक्स्ट४ला त्यासाठी अनमाउंट करावं लागतं, आणि आतलं पूर्ण लहान होण्याआधी बाहेरची फाइल कापली तर कापलेला भाग गेला. त्यापेक्षा लहान मापाची नवी डिस्क जोडा आणि डेटा तिकडे हलवा. किंबहुना वाढवतानाही, भरलेलं जर बिलांचे पीडीएफ, फोटो आणि जुन्या वर्षांची कागदपत्रं एवढंच असेल तर दुसरी व्हर्च्युअल डिस्क जोडून ते फोल्डर तिकडे न्या. वरचं अर्धंअधिक टळतं. देवगड-मालवणकडच्या एकट्या माणसाच्या ऑफिसात, जिथे अडलं तर मदतीला दुसरं कोणी नाही, तिथे हीच वाट मी आधी सुचवीन.

काम झालं की मशीन दोनदा रीस्टार्ट करा आणि सकाळच्या कागदावरची मापं नव्या मापांशी थरागणिक ताडून पाहा. बिलिंगचा प्रोग्राम उघडून एक जुनं बिल आणि एक नवं बिल काढा. रोजच्या बॅकअपच्या डिस्कवर आता पुरेशी जागा आहे का तेही तपासा, कारण व्हीएमची फाइल फुगू लागली की बॅकअपचं मापही वाढतं. जुनी प्रत महिनाअखेरचा हिशोब नीट निघेपर्यंत पुसू नका, आणि तिच्यावर आजची तारीख व जुनं माप लिहून ठेवा.