माळवदी घराचं मॉडेल करायच्या आधी

लातूर-धाराशिवकडच्या एखाद्या जुन्या माळवदी, म्हणजे दगडी भिंती आणि लाकडावर मातीचं सपाट छत असलेल्या घराचं, भूकंपात ते कसं वागेल हे बघायला कॉम्प्युटर मॉडेल करायला निघाला असाल, तर पिशवीत टेप, ओळंबा, टॉर्च आणि छिन्नी-हातोडा टाका. लॅपटॉप गाडीतच राहिला तरी बिघडत नाही.

पहिलं काम म्हणजे भिंतीच्या पोटात काय आहे ते बघणं. कोपरा ढासळलाय किंवा गिलावा सुटलाय तिथून बघा, नाहीतर घरच्यांना विचारून एखादी चीप काढा. दोन्ही तोंडांना बरे दगड आणि मध्ये गोटे, चिपा, माती असंच बहुधा दिसेल. दोन्ही तोंडांना बांधणारे आरपार दगड किती अंतरावर आहेत, की नाहीतच, हे वहीत लिहा. इथे चुकलात तर पुढचं सगळं फुकट. ६० सेंमीची भिंत एकसंध धरली आणि ती निघाली २५-२५ सेंमीच्या दोन सुट्या भिंती, तर तिचा ताठपणा (वाकायला होणारा विरोध, जो जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो) जेमतेम सातवा हिस्सा उरतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी भागात अशाच भिंती फुगून उभ्या फाटल्या.

मग वर चढा. माळवदावर मातीचा थर किती आहे ते कडेला मोजा. दर पावसाळ्याआधी नवी माती पडत आलेली असते, त्यामुळे घरमालकाच्या अंदाजावर जाऊ नका. ४५ सेंमी माती म्हणजे चौरस मीटरला साधारण पाऊण टन. हे वजन भिंतीवर येतंय की आतल्या लाकडी खांब-तुळयांवर, हेही बघा. किल्लारीत कित्येक घरांत भिंती पडल्या तरी खण, म्हणजे खांब-तुळयांचे सांगाडे, उभे राहिले होते.

दगडाची ताकद तपासण्यात फार वेळ घालवू नका, काळा दगड कधी आधी फुटत नाही. सांध्यातली माती मात्र बोटाने खरवडून बघा, ओल कुठवर चढलीय तेही. मॉडेलमध्ये घर्षण आणि चिकटपणाचे आकडे तिलाच द्यायचेत आणि ताण सोसायची ताकद जवळपास शून्य. मजबुतीसाठी कार्बन फायबरची पट्टी दाखवणार असाल तर ती कशाला चिकटणार, हे आधी ठरवा. मातीच्या गिलाव्याला तर नाहीच. त्यापेक्षा दोन्ही तोंडं बांधायला भिंतीत आरपार भोक पाडून सळीचा आकडा घालून काँक्रीट भरणं मॉडेलमध्ये दाखवायलाही सोपं आणि गवंड्याला सांगायलाही.

मॉडेलला भूकंप लावण्याआधी ते नुसतं घराच्या स्वतःच्या वजनावर चालवा आणि पायाशी येणारी एकूण प्रतिक्रिया (जमिनीने उलट दिलेला आधार) वहीतल्या मापांवरून काढलेल्या वजनाशी ताडून बघा. माझ्याकडून एकदा छताचं वजन दोनदा लागलं होतं, एकदा घनतेतून आणि एकदा वरून भार म्हणून. दोन दिवस मी बिचाऱ्या भिंतीला दोष देत होतो.