चेक बाउन्स झाला? पैसे बुडवणाऱ्या या चुका टाळा

चेक वटला नाही तर कायदा बराचसा घेणाऱ्याच्या बाजूने आहे. सही कबूल असली की चेक हा देणं फेडण्यासाठीच दिला होता, असं कोर्ट गृहीत धरतं. तसं नव्हतं हे दाखवणं सही करणाऱ्याकडे. तरीही '१३८'च्या, म्हणजे चेक न वटणं गुन्हा ठरवणाऱ्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ च्या, केसेस पडतात, त्या बहुतेक वेळा तारखांवर आणि नोटिशीच्या मजकुरावर.

पहिली चूक म्हणजे "देतो, आठवड्यात देतो" ऐकत बसणं. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणीची नोटीस निघायला हवी. मेमो (चेक का परत आला हे सांगणारी बँकेची चिठ्ठी) उशिरा हाती आला पण बँकेचा एसएमएस आधी आला असेल, तर दिवस एसएमएसपासूनच मोजा. वाद कशाला ओढवून घ्यायचा? नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात मॅजिस्ट्रेटकडे तक्रार.

समजा ३ जूनला मेमो मिळाला, तर ३ जुलैपर्यंत नोटीस पोस्टात पडलीच पाहिजे. ती ८ जुलैला पोहोचली तर १५ दिवस २३ जुलैला संपतात, तक्रारीचा हक्क २४ जुलैला येतो, आणि तक्रारीची शेवटची तारीख २४ ऑगस्ट. महिना कॅलेंडरचा धरतात, ३० दिवसांचा नाही. घाईही नडते: १५ दिवस पुरे होण्याआधी दाखल केलेली तक्रार टिकत नाही, ती परत नव्याने टाकावी लागते.

तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मिळू शकते. नोटिशीच्या ३० दिवसांना मात्र माफी नाही. ते हुकले आणि चेकची ३ महिन्यांची मुदत शिल्लक असेल, तर चेक पुन्हा भरा. नवा मेमो, नवे ३० दिवस. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये एमएसआर लेदर्स प्रकरणात ही वाट मोकळी केली आहे.

नोटिशीत सर्वांत महागात पडते ती रक्कम. चेक ५ लाखांचा असेल तर मागणी ५,००,००० रुपयांचीच, आकड्यात आणि अक्षरात. व्याज, वकील फी, जुनी उधारी मागायचीच असेल तर वेगळ्या परिच्छेदात, चेकच्या रकमेत न मिसळता. सगळं एकत्र करून "एकूण ६,४०,००० द्या" लिहिलंत तर नोटीसच बाद होऊ शकते. टायपिंगची चूक होती, ही सबब चालत नाही. चेक दिल्यानंतर मधे थोडे पैसे आले असतील तर जास्त जपा. ५ लाखांपैकी १ लाख मिळाले, तरी त्याची नोंद चेकवर न करता पूर्ण ५ लाखांसाठी तो भरला, तर १३८ लागत नाही. अशा वेळी उरलेल्या रकमेचा नवा चेक मागून घेणं बरं.

नोटीस फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. माहीत असलेल्या सगळ्या पत्त्यांवर स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा आणि ट्रॅकिंगचं पान लगेच छापून ठेवा. ऑनलाइन नोंद कायम राहत नाही. पत्ता बरोबर असताना पाकीट "घेण्यास नकार" शेरा घेऊन परत आलं, तरी नोटीस बजावली असंच धरलं जातं. ते पाकीट फोडू नका, आहे तसं कोर्टात द्या.

कंपनीचा चेक असेल तर नुसत्या सही करणाऱ्या डायरेक्टरवर केस करून भागत नाही, कंपनीलाही आरोपी करावं लागतं. आणि तक्रार कुठे? चेक खात्यात भरला असेल तर तुमचं खातं ज्या शाखेत आहे, तिथल्या कोर्टात. पुण्यातल्या खात्यात भरलेल्या चेकसाठी देणाऱ्याच्या दिल्लीला खेपा घालायची गरज २०१५ च्या दुरुस्तीनंतर राहिलेली नाही.

"पेमेंट स्टॉप केलंय, सही जुळत नाही, आता १३८ कसली लागते" असं ऐकवलं जातं. त्यावर विश्वास ठेवू नका. अशा कारणांनी परत आलेला चेकही या कलमात बसू शकतो. मुदत संपलेला चेक मात्र बसत नाही.

आता वसुलीचं. १३८ मध्ये २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण आरोपी आत गेला म्हणून तुमच्या खात्यात पैसे येत नाहीत. म्हणून आरोपीने गुन्हा नाकारला की कलम १४३अ खाली २० टक्क्यांपर्यंतच्या अंतरिम भरपाईचा अर्ज द्या. मंजूर करणं कोर्टाच्या मर्जीवर आहे, पण मागितल्याशिवाय कोण देणार? शेवटी दंडातून भरपाई द्यावी अशी मागणीही स्पष्ट करा.

१३८ चालू आहे म्हणून दिवाणी दाव्याचं घड्याळ थांबत नाही. त्याची मुदत साधारण ३ वर्षं, आणि फौजदारी केस तेवढ्यात संपेलच असं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खाली समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा दावा, लावता येतो: त्यात प्रतिवादीला बचाव मांडायलाच आधी कोर्टाची परवानगी काढावी लागते. दोन्ही एकाच वेळी चालतात. व्यापारी व्यवहार ३ लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थीचा अर्ज सक्तीचा आहे. तो न करता लावलेला दावा फेटाळला जातो.