लॉगमधली ओळ आली की लगेच पुढे जायला हवी

रात्री सव्वादोनला डिस्क भरल्याची ओळ लॉगमध्ये (प्रोग्राम आपल्या नोंदी लिहितो ती फाइल) पडली आणि मला मेसेज आला पहाटे पाचला, तोही आधीच्या तीस-पस्तीस ओळींसकट. स्क्रिप्ट साधी होती. एकापुढे एक जोडलेल्या कमांड: टेल (tail) लॉग वाचतो, ग्रेप (grep) 'एरर'वाल्या ओळी वेचतो, आणि व्हाइल-रीडचं (while read) लूप एकेका ओळीचा मेसेज पाठवतं. लूप न जोडता टर्मिनलवर बघितलं, तेव्हा ओळी पटापट येत होत्या.

अडत होतं ते ग्रेपपाशी. समोर टर्मिनल असेल तर ग्रेप ओळ संपताच ती सोडतो. समोर पाइप (ओळी पुढच्या कमांडला देणारी नळी) असेल तर साठवत बसतो, लिनक्सवर साधारण ४०९६ बाइट भरेपर्यंत. शंभर-सव्वाशे अक्षरांची ओळ धरा, म्हणजे तीस-चाळीस ओळी झाल्याच.

म्हणून ग्रेपला 'लाइन-बफर्ड' हा पर्याय द्या, आधी दोन डॅश लावून (--line-buffered), म्हणजे तो प्रत्येक ओळ लगेच सोडतो. सेडला (sed, ओळींतला मजकूर बदलणारी कमांड) डॅश-यू (-u), पायथनलाही डॅश-यू. ऑकमध्ये (awk, ओळींतले रकाने वेचणारी कमांड) प्रिंटनंतर एफफ्लश (fflush), म्हणजे साठलेलं लगेच पुढे जातं. ज्या प्रोग्रामला असा पर्यायच नाही, त्याच्या आधी स्टडबफ (stdbuf, साठवण्याची पद्धत बदलणारी कमांड) लावा: डॅश, लहान ओ, मोठा एल (-oL). मात्र गो भाषेतल्या प्रोग्रामवर त्याचा उपयोग होत नाही; स्टडबफ सी भाषेच्या लायब्ररीच्या बफरवरच (साठवणीच्या जागेवर) चालतो. साखळीत मधे तीन कमांड असतील तर तिन्हींची सोय करा, एक राहिली तरी सगळं तिथेच तुंबतं. टेल स्वतः काही अडवत नाही, पण त्याला मोठा एफ (-F) द्या. रात्री लॉग फिरवला, म्हणजे जुनी फाइल बाजूला ठेवून त्याच नावाची नवी सुरू केली, की लहान एफ जुन्याच फाइलला चिकटून राहतो.

रीडला डॅश-आर (-r) हवाच, नाहीतर बॅकस्लॅश गिळले जातात. आयएफएस (IFS, ओळ कुठल्या चिन्हांवर तोडायची ते सांगणारी शेलची सेटिंग) रिकामा ठेवला की ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागाही टिकते.

आणि लूपमध्ये एसएसएच (ssh, दुसऱ्या मशीनवर कमांड चालवणारा) असेल तर कृपा करून त्याला डॅश-एन (-n) द्या. नाहीतर तो त्याच पाइपमधून वाचायला लागतो आणि मधल्या ओळी गायब होतात, एरर कसलाच नाही. यात माझी अख्खी दुपार गेली होती.

खात्रीसाठी टेल काढून तिथे दर सेकंदाला 'एरर' आणि वेळ छापणारं छोटं लूप ठेवा, आणि शेवटच्या लूपमध्ये मेसेजऐवजी ती ओळ आणि डेट (date, आत्ताची वेळ छापणारी कमांड) चालवा. दोन्ही वेळा शेजारी-शेजारी दिसतील. सेकंदाहून जास्त फरक पडला, तर मधली एकेक कमांड काढून बघा.