आधी बग लहान करा: लिब्रेऑफिसच्या कोडमध्ये उतरणाऱ्यांसाठी

लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरवर काम करायचंय म्हणणारे बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंग भाषा किती यायला हवी? बऱ्यापैकी यायला हवी, हे खरंच. पण इथे माणूस अडतो तो पसाऱ्यापायी. स्टारऑफिस १९९९मध्ये सन कंपनीने विकत घेतलं, पुढच्या वर्षी त्याचा कोड खुला झाला आणि २०१०मध्ये त्यातून लिब्रेऑफिस वेगळं निघालं. लाखो ओळींच्या या कोडमधल्या टिपासुद्धा बरीच वर्षं जर्मनमध्ये होत्या; स्वयंसेवकांनी त्या हळूहळू इंग्रजीत आणल्या. हे सगळं आधी समजून घेऊ आणि मग बगकडे, म्हणजे दोषाकडे, वळू, असं ठरवलंत तर ती वेळ यायची नाही.

मी बग घेतला की कोड उघडतच नाही. आधी तो माझ्या मशीनवर दिसतो का ते बघतो, तेही कोऱ्या प्रोफाइलवर, म्हणजे साठवलेल्या सेटिंगशिवाय. निम्म्या तक्रारी जुन्या प्रोफाइलमधल्या बिघडलेल्या सेटिंगच्या असतात, असं माझं मत झालंय. मग फाइल कापायला घेतो. जाडजूड अहवालात टेबल गायब होत असेल, तर निम्मा मजकूर उडवायचा, पुन्हा उघडायचं, दोष राहिला तर उरलेल्यातला निम्मा उडवायचा. शेवटी एक टेबल आणि दोन ओळी उरतात. ती फाइल एफओडीटी या प्रकारात सेव्ह करा. झिपच्या भानगडीशिवाय अख्खा दस्तऐवज एकाच एक्सएमएलमध्ये (खुणा लावलेल्या साध्या मजकुरात), साध्या एडिटरात वाचता येतो.

एकदा तक्रार आली की एकाच फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ दोन तऱ्हांनी दिसतात. फाइल कापत दोन परिच्छेदांवर आणली आणि एक्सएमएलमध्ये पाहिलं, तर पहिल्याची भाषा ‘एमआर’ (मराठी), दुसऱ्याची ‘एचआय’ (हिंदी). मजकूर कुठूनतरी चिकटवताना हिंदी भाषा सोबत आली होती. अक्षरांची मांडणी हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर करतं आणि लिब्रेऑफिस त्याला भाषाही कळवतं; फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरं वेगळी दिलेली असली, तर ती फक्त मराठी मजकुराला लागतात. म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणेच चाललं होतं. बग्झिलावर, म्हणजे तक्रारी नोंदवायच्या साइटवर, तसं लिहून तक्रार बंद केली. कोडची एक ओळही लिहिली नाही, तरी काम झालं. (अशा तक्रारी मराठी येणाऱ्याने हाताळलेल्याच बऱ्या. बाकीच्यांना दोन ‘ल’मधला फरक आधी दिसायला तर हवा!)

पूर्वी चालणारं नव्या आवृत्तीत मोडलं असेल, तर बायबायसेक्ट, म्हणजे बिघडवणारा बदल तयार आवृत्त्यांतून शोधायची पद्धत, शिकून घ्या. प्रकल्पाने आधीच बिल्ड करून ठेवलेल्या आवृत्त्यांची गिट रिपॉझिटरी (बदलांचा इतिहास ठेवणारा साठा) मिळते. डाउनलोड जडच्या जड, पण एकदाच. एक चांगली आवृत्ती आणि एक बिघडलेली सांगायची. गिट मधली काढून देतं. तुम्ही फाइल उघडून ‘गुड’ किंवा ‘बॅड’ म्हणायचं. मध्ये चार हजार बदल असले तरी साधारण बारा फेऱ्यांत नेमका बदल हाती लागतो. स्वतः कंपाइल करत बसलात तर दिवस जातील. बग्झिलावर तो कमिट, म्हणजे बदल, नोंदवून तो करणाऱ्या डेव्हलपरला सीसीमध्ये घ्या. यात आरोप कोणी मानत नाही, इथली तीच रीत आहे.

आयआरसी या चॅटवर विचारताना ‘क्रॅश होतंय, काय करू?’ एवढंच टाकलं तर उत्तराची आशा धरू नका. लहान फाइल, बॅकट्रेस (क्रॅशच्या वेळी चालू असलेल्या फंक्शनांची यादी), कुठल्या फंक्शनपर्यंत पोचलात, हे द्या. जाणकार मंडळी वेळ काढतात.

गेरिटवर, म्हणजे कोड तपासायच्या साइटवर, पॅच (दुरुस्तीचा कोड) टाकला की ‘उणे एक’ असा शेरा येऊ शकतो. नवखे तिथेच गळतात. त्याचा अर्थ बहुधा ‘टेस्ट जोडा’ एवढाच असतो. आणि टेस्टला काय लागतं? तीच कापून काढलेली फाइल. रायटरचा, म्हणजे मजकूर लिहायच्या भागाचा, बग असेल तर त्याच्या एसडब्ल्यू मॉड्यूलमधल्या क्यूए (चाचण्यांच्या) फोल्डरात ती ठेवायची, ती उघडून अपेक्षित गोष्ट तपासणारा चार ओळींचा कोड लिहायचा, पॅच काढून टेस्ट नापास होते ना हे पाहायचं आणि मगच पुन्हा पाठवायचं.