सेप्टिक टँक: या चुका टाळा, निदान गणपतीच्या आधी

‘झाकण उघडून बघितलं, टाकी काठोकाठ भरलीय, आजच मैला उपसायची गाडी पाठवा.’ पावसाळा सुरू झाला की आम्हा प्लंबिंगवाल्यांना कोकणात असे फोन येतात. प्रत्येकाला पहिलं हेच सांगावं लागतं, की सेप्टिक टँक भरलेलीच असते. गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी दुसऱ्या कप्प्यातून शोषखड्ड्यात जातं. एक बादली आत आली की एक बादली बाहेर पडते. पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळाला टेकलेलं असेल तर टाकी ठणठणीत आहे. ते पाइपाच्या वर चढलं असेल तर दोष पुढे, शोषखड्ड्यात. भर पावसात जांभा पाण्याने तुडुंब असतो, खड्डा शोषणार कुठे? अशा वेळी उपसा केलात तर पैसे जातात आणि चार दिवसांत टाकी पुन्हा तिथेच येते.

बघायचा असतो तो गाळ. मी लांब बांबूला जुना पांढरा टॉवेल घट्ट गुंडाळतो, पहिल्या कप्प्यात सावकाश तळापर्यंत सोडतो आणि थोडा वेळ तसाच धरून वर काढतो. काळा डाग जिथपर्यंत चढला तेवढा गाळ. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाली की उपसा करायचा. बऱ्याच घरांत ही वेळ दोन-तीन वर्षांनी येते. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावं. तयार प्लास्टिकची टाकी तर पावसाळ्यात पूर्ण रिकामी करूच नये. भोवतीचं पाणी तिला वर उचलतं आणि पाइप तुटतात. उपसा झाला की लगेच पाणी भरा.

दुसरी चूक बघितली की माझा जीव तुटतो: झाकणावर फरशी घालणं. राजापूरकडच्या एका घरी लग्नासाठी अंगण नवं केलं. झाकण दिसायला वाईट म्हणून मिस्त्रीने त्यावरूनच टाइल्स मारल्या आणि मालकही खूश झाले. पुढच्या गणपतीत मुंबईहून सगळे आले, घर भरलं, आणि गौरी आल्या त्या दिवशी संडासाच्या भांड्यातलं पाणी खाली जाईना, वर यायला लागलं. मी पोचेपर्यंत दोन बाटल्या ॲसिड ओतून झालं होतं. गाडी फाटकात उभी, आणि टाकी नेमकी कुठे ते कुणालाच माहीत नाही, कारण बांधून घेणारे आजोबा आता नव्हते. व्हेंट पाइप (टाकीतला वायू बाहेर सोडणारा उभा पाइप) आणि संडासाची भिंत यांच्या रेषेत पहार आपटत गेलो. एका जागी पोकळ आवाज आला. तिथल्या टाइल्स फोडल्या, झाकण सापडलं. आत येणाऱ्या पाइपाच्या ‘टी’मध्ये, म्हणजे इंग्रजी T सारख्या जोडात, कपड्याची चिंधी अडकून तिच्यावर साय दगडासारखी घट्ट झाली होती. बांबूने वरून ढोसली आणि पाणी घळघळत उतरलं. गाडीची गरजच नव्हती. झाकण मोकळं असतं तर हे काम घरच्यांनाही जमलं असतं.

झाकणाभोवतीची फरशी सुटी ठेवा. घराच्या दोन कोपऱ्यांपासून टाकीचं अंतर मोजून कागदावर काढा आणि तो कागद घरपट्टीच्या पावत्यांत ठेवा.

त्याच दिवशी एक भाचा शर्ट काढून म्हणाला, ‘काका, मी आत उतरून काढतो.’ मी त्याचा दंड धरून त्याला मागे ओढला. टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन असतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेलासा वाटतो. माणूस बघता बघता कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. कोणी ‘थोड्या पैशांत माणूस उतरवून देतो’ म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. झाकण उघडं असताना पोरांना लांब ठेवा आणि विडी-काडी पेटवू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतू नका, विषारी क्लोरीन निघतो. नुसतं ॲसिड भरपूर ओतलं तरी गाळ कुजवणारे जिवाणू मरतात. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स यांची जागा कचऱ्याच्या डब्यात. जिवाणूंची पावडर टाकून उपसा टळत नाही. जिवाणू मैल्यात असतातच, घाई असते ती आपल्याला. फक्त संडासासाठी बांधलेल्या टाकीला मोरीचं आणि पागोळीचं पाणी जोडलं तर ते न बसलेला गाळ शोषखड्ड्यात ढकलतं, आणि तो खड्डा मग नवाच खणावा लागतो. एकच संडास तुंबला असेल तर टाकी उघडण्याआधी त्याचाच पाइप बघा.

शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर लांब हवा, असं आयएस 2470 हे भारतीय मानक सांगतं. जांभ्याला भेगा असतात, म्हणून मी त्याहून लांबच खणायला लावतो आणि विहिरीच्या वरच्या अंगाला तर कधीच नाही.

गाडी आली की मैला कुठे ओतणार ते विचारा. ‘आहे एक जागा’ असं उत्तर आलं तर ती जागा बहुतेक तुमच्याच गावचा ओढा असते. वाई आणि सिन्नरच्या नगरपरिषदांनी ठरलेल्या पाळीने घरोघरचा उपसा आणि मैल्यावर प्रक्रिया सुरू केली आहे. तुमच्या जवळच्या नगरपरिषदेचं असं केंद्र असेल तर थोडे जास्त पैसे मोजा, पण तिथेच रिकामी होणारी गाडी बोलवा.