ग्रीकांची ज्ञानाची ओढ : अभ्यासाला आरंभ कोठून करावा

प्राचीन ग्रीकांना ज्ञानाची एवढी ओढ कशी लागली, हा प्रश्न मनात धरून मी वाचायला बसलो तेव्हा थेट प्लेटोचे संवाद उघडले, आणि ती माझी चूक होती. वाचनात आनंद होता, पण प्रत्येक गोष्टीचे कारण विचारण्याची सवय अथेन्समध्ये जणू आयतीच अवतरली असावी असे वाटत राहिले. म्हणून नव्या अभ्यासकांना माझे पहिले सांगणे असे, की इ.स.पू. ३८७च्या सुमारास प्लेटोने अकादमी ही आपली पाठशाळा स्थापन केली, त्याच्या दोनशे वर्षे मागे जावे आणि एजियन समुद्रापलीकडे, आजच्या तुर्कस्तानच्या किनारपट्टीवर असलेल्या मिलेटस या नगरापासून आरंभ करावा.

मिलेटसचे अवशेष आज समुद्रापासून काही किलोमीटर आत आहेत, कारण मिअँडर नदीच्या गाळाने तेथील खाडी भरून गेली. त्यामुळे जुनी किनाररेषा दाखवणारा नकाशा समोर नसेल, तर हे नगर बंदरांवर जगत होते हे ध्यानातच येत नाही. काळ्या समुद्राकाठी त्याच्या वसाहती होत्या, आणि इजिप्तमधील नॉक्रॅटिस या व्यापारी ठाण्यात मिलेटसच्या लोकांनी अपोलोचे देवालय उभारले होते. परके देव आणि परक्या चालीरीती पाहणाऱ्या माणसाला आपलीच रीत जगाची रीत मानणे जड जाते. या प्रदेशाचे नाव आयोनिया. आपला ‘यवन’ हा शब्द त्याच नावापासून आला आहे, आणि कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर यवन दात्यांचे लेख आहेत.

त्यानंतर मिलेटसच्याच थेलिस, अनॅक्झिमँडर आणि अनॅक्झिमिनीस या तिघा विचारवंतांकडे वळावे. थेलिसने इ.स.पू. ५८५चे सूर्यग्रहण आधीच वर्तवल्याची कथा ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, पण तिच्याविषयी अभ्यासकांना दाट शंका आहे, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये. सर्वांचे मूळ पाणी, असे थेलिस म्हणाला; त्याच गावच्या अनॅक्झिमँडरने मूळ तत्त्व अमर्याद आणि अनिश्चित असल्याचे सांगितले; पुढे अनॅक्झिमिनीसने हवा हे मूळ मानले. मी आधी ही तीन उत्तरे पाठ केली आणि त्यातून काहीच हाती लागले नाही. वहीत प्रत्येक उत्तरासमोर ‘आधीच्याला याने का नाकारले असावे?’ असे लिहू लागलो, तेव्हा खरी गोष्ट दिसली: पूर्वसुरींचे मत खोडून काढणे हाच येथे विद्येचा मार्ग झाला होता. माझ्या मते ग्रीकांच्या ज्ञानप्रेमाचे बीज या वादात आहे, आणि त्याचे खतपाणी नगरसभांत आहे, जेथे बरोबरीच्या नागरिकांना कारणे देऊन पटवावे लागे. क्रीट बेटावरील ड्रेरोस या नगरात इ.स.पू. ६५०च्या सुमारास कायदा दगडावर कोरून सर्वांसमोर ठेवला गेला, हे याच वृत्तीचे लक्षण आहे.

दगडावरचा कायदा वाचता येण्यासाठी लिपी सोपी असावी लागते. ग्रीकांनी ती फिनिशियनांकडून, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरील व्यापारी लोकांकडून घेतली. तिच्यात स्वरांची चिन्हे नव्हती, म्हणून आपल्याला नको असलेली व्यंजनचिन्हे त्यांनी स्वरांसाठी वापरली. ही २४ अक्षरे नव्या अभ्यासकाने अवश्य शिकावीत. बाराखडी गिरवलेल्या हाताला त्यासाठी एक आठवडा पुरतो, आणि मूळ शब्द ओळखता येऊ लागले की अनुवादातील अडचणी उकलतात.

असाच एक शब्द म्हणजे ‘स्खोले’. त्याचा अर्थ फुरसत, आणि त्यातूनच ‘स्कूल’ आला. इजिप्तमध्ये पुरोहितांना फुरसत होती म्हणून गणित तेथे जन्मले, असे अ‍ॅरिस्टॉटल लिहितो. मात्र ग्रीक नागरिकांची फुरसत बऱ्याच अंशी गुलामांच्या आणि स्त्रियांच्या कष्टांवर उभी होती, आणि ही बाजू वगळून केलेला अभ्यास अपुरा राहतो.

शेवटी हिरोडोटसच्या पहिल्या भागातील तिसावे प्रकरण वाचावे. तेथे लिडियाचा राजा क्रीसस अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याला म्हणतो, की तू ज्ञानाच्या ओढीने, जग पाहण्यासाठी पुष्कळ देश हिंडलास असे आम्ही ऐकले आहे. ‘ज्ञानाच्या ओढीने’ यासाठी मुळात ‘फिलॉसॉफी’च्याच कुळातले क्रियापद आहे; त्याचा हा अगदी जुना वापर आहे, आणि येथे तो एका प्रवाशाविषयी आहे. उतारा लहान आहे. प्लेटोकडे परतण्यापूर्वी तो दोनदा वाचावा.