टर्बो गाडीला नवा ईसीयू निवडताना

ईसीयू म्हणजे इंजिनचा संगणक. तो घेताना आधी मॅप सेन्सर बघा, म्हणजे मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजणारा सेन्सर. बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला दाब, १ बार ठेवायचा तर बाहेरच्या हवेचा १ बार धरून मॅनिफोल्डमधला एकूण दाब साधारण २ बार होतो, म्हणून सेन्सर किमान २.५ बारचा हवा. ३ चा मिळाला तर उत्तमच. छोटा सेन्सर कमाल आकड्यावर अडकतो, ईसीयूला पुढचा दाब कळतच नाही, पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन जळतो.

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. नॉक कंट्रोल (पेट्रोल अवेळी पेटून बसणारी ठोक ओळखून थांबवणं) आणि हवेच्या तापमानानुसार इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेण्याची सोय नसलेला ईसीयू स्वस्तात मिळाला तरी नको. तापमान सेन्सर इंटरकूलरमधून (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) हवा बाहेर पडल्यानंतर, थ्रॉटलजवळ बसवा. वाइडबँड लॅम्डाचं (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरचं) इनपुट हवंच. ट्यूनिंग डिसेंबरच्या थंडीत झालं असेल, तर एप्रिलमध्ये कन्नड घाट चढतानाचे लॉग, म्हणजे ईसीयूने नोंदवलेले आकडे, पुन्हा तपासा.